पाइपातलं शिसं

एका मित्राच्या अंगावर मी पावणेतीन किलो शिसं चढवलं आणि दीड वर्ष त्याला ते सांगितलं नाही. हे लिहायलाही फार उशीर झाला आहे, पण लिहितो.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये माझा भाड्याचा गाळा होता. त्यात एक लेथ, एक ड्रिल आणि एक जुनं मिलिंग मशीन. लग्न मोडल्यापासून मी अंबरनाथ पश्चिमेला एका खोलीत एकटा राहत होतो. दिवसभर मशीनचा आवाज, घरी गेलं की शेजाऱ्यांच्या टीव्हीचा. काम नसतानाही माझ्याकडे येणारा माणूस एकच होता, हा मित्र. आम्ही दोघं मोरिवलीत लहानाचे मोठे झालो, पुढे तो बदलापूरला राहायला गेला. लग्नांचं, जयंतीच्या मिरवणुकांचं शूटिंग करता करता तो स्टॅबिलायझर चालवायला शिकला. अंगात जाड पट्ट्यांचं जाकीट, जाकिटाला स्प्रिंगचा हात, हाताच्या टोकाला उभा पाइप. पाइपाच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला बॅटरी आणि छोटा टीव्ही. माणूस पळाला, जिना चढला, तरी चित्र हलत नाही. वजन मात्र सगळं कमरेवर येतं.

तो स्प्रिंगचा हात मीच बनवला होता, परदेशी हाताच्या एका फोटोवरून. आमच्या कॅम्पात काम असंच चालायचं. गिऱ्हाईक नमुना आणणार, आपण तसाच दुसरा करून देणार. शेजारचा सिंधी दुकानदार म्हणायचा, "साईं, दिखने में सेम होना चाहिए. अंदर कौन देखता है?" फोटोतल्या हाताला सांध्याजवळ गोल नॉब होते, म्हणून मीही नॉब बसवले. आत ते स्प्रिंगला कसे धरतात, हे फोटोत दिसत नव्हतं आणि मला ठाऊक नव्हतं. माझे नॉब गुळगुळीत फिरायचे आणि आत कशालाच लागत नव्हते. मित्राला मात्र मी सांगून टाकलं, "याने स्प्रिंगची ताकद कमी-जास्त होते." त्याचा जुना कॅमेरा सगळ्या जोडण्यांसकट दहा किलोचा होता आणि स्प्रिंगही दहा किलोच्या वजनालाच वळवून घेतल्या होत्या. त्यामुळे माझं खोटं कधी उघडं पडलं नाही.

मग त्याला एका सिनेमाच्या लोकांनी ट्रायलला बोलावलं. त्यांचा कॅमेरा नवा होता, रीळ नसलेला, डिजिटल. सरावासाठी तो चार दिवस त्याच्याकडे दिला होता. सगळ्या जोडण्यांसकट साडेअकरा किलो. मित्राची कंबर आधीच दुखत होती.

"डॉक्टर म्हणाला, वजन कमी कर नाहीतर धंदा बदल," तो म्हणाला. "धंदा बदलून काय करू रे? मला दुसरं येतं काय?"

"कॅमेऱ्याचं वजन काढू आपण," मी म्हणालो.

"बायको म्हणते, आधी तुमचं पोट काढा. तीन किलो तिथेच आहे."

ते तीन दिवस मला अजून आठवतात. शेजारच्या दुकानातून वजनकाटा आणला. वरचं हँडल काढलं, खांद्यावर टेकवायची गादी काढली, डोळा लावायची नळी काढली, कारण स्टॅबिलायझरवर खालच्या टीव्हीतच बघतात. कॅमेऱ्याची मागची बॅटरी काढून पाइपाच्या तळाशी होती तिच्यावरच तो चालवला. कॅमेऱ्याच्या बुडाखालची स्टीलची जाड पट्टी काढून मी ॲल्युमिनियमची केली, तिलाही ताकद नको तिथे भोकं पाडली. मोठी लेन्स जाऊन छोटी आली. प्रत्येक तुकडा काढला की तो काट्यावर ठेवून ओरडायचा, "सहाशे ग्रॅम गेले, साहेब!" आम्ही गाळ्यातच डबा खाल्ला. इतकं बोलणं माझ्याशी वर्षभरात कुणी केलं नव्हतं. शेवटी काटा सव्वासात किलोवर आला. त्याने मला मिठी मारली. शुक्रवारी त्याने फोनवर दहा जणांना तो आकडा सांगितला.

शनिवारी दुपारी तो घरी गेल्यावर मी सगळा साज चढवून पाहिला. स्प्रिंगचा हात वर गेला आणि खाली येईना. दहा किलोच्या स्प्रिंगला सव्वासात किलो पुरतच नव्हतं. दाबला की पुन्हा वर. नॉब फिरवून काही होणार नव्हतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? स्प्रिंगवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, नवीन वळवायला आठ दिवस लागतील. ट्रायल दुसऱ्या दिवशी होती.

मित्राला फोन करून खरं सांगायचं, एवढंच करायचं होतं. हँडल आणि पट्टी परत लावू, दहा किलोवरच ट्रायल दे, स्प्रिंग नंतर बदलू. पण मग नॉबचं सांगावं लागलं असतं. तीन दिवस ज्याने मला साहेब म्हटलं, त्याला मी कसं सांगू, असं मला वाटलं. भंगारातून शिसं आणलं, वितळवलं, कांडी ओतली आणि पाइपात मध्यावर ठोकून बसवली, म्हणजे तोल बिघडू नये. पावणेतीन किलो. हात सरळ आडवा उभा राहिला.

सकाळी त्याने जाकीट चढवलं, चार पावलं चालला आणि थांबला. "जुन्याएवढंच लागतंय रे."

"सवय नाही अजून. नॉब जरा फिरव."

त्याने फिरवला. "हां. आता बरं वाटतंय."

ट्रायल पास झाली. पाच महिन्यांचं काम मिळालं. पुढे त्याचे फोन यायचे ते दमलेले. "सेटवर पोरं हसतात. म्हणतात, काका, सव्वासात किलोत कण्हता? आम्ही पोरीची बॅग याच्यापेक्षा जड उचलतो." मी म्हणालो, "आराम कर." दुसऱ्या वेळीही हेच म्हणालो. शूटिंग संपायच्या आत त्याने काम सोडलं, आणि मग मी त्याचे फोन उचलणं सोडलं. रविवारी मी गाळा उघडा ठेवायचो, काम नसतानाही, आणि रस्त्यावर कुणी थांबलं की मान खाली घालायचो. तो असेल म्हणून, आणि तो नसेल म्हणूनही.

एक दिवस त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही तरी समजवा. यांनी सगळीच कामं सोडलीत. सात किलोचं एवढं काय? मी रोज पाण्याच्या कळशा वर चढवते. नुसती नाटकं."

त्याच संध्याकाळी मी बदलापूरला गेलो. जय भीम झालं. तो जमिनीवर गादी टाकून पडला होता, उशी कमरेखाली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, मध्ये थांबलो असतो तर राहून गेलं असतं. तो छताकडे बघत ऐकत राहिला.

"किती?" त्याने विचारलं.

"पावणेतीन."

"म्हणजे दहाच होतं."

"हो."

त्याने कमरेखालची उशी सरकवून नीट केली. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाला, "मला वाटलं, मीच संपलो. सव्वासात झेपत नाही म्हटल्यावर माणसाने काय समजायचं? दोन कामं आली होती, बसून करायची. तीही नाही म्हणालो."

मी माफी मागितली. त्याने हात हलवला, नको म्हणून की असू दे म्हणून, मला कळलं नाही.

"हिला सांग," तो म्हणाला. "माझ्यासमोर नको. आत जाऊन सांग."

वहिनी ओट्याशी मेथी निवडत होत्या, गॅसवर चहा होता. "वहिनी, सात नव्हतं, दहा होतं," मी म्हणालो.

"काय दहा?"

मी सांगायला लागलो. अर्ध्यावर त्यांनी गॅस बंद केला, पण शेवटपर्यंत ऐकलं. मग हात पुसून माझ्याकडे न बघता बाहेर गेल्या आणि त्याच्या गादीशी खाली बसल्या. दोघांचं हळू बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मी ओट्याशी उभा राहिलो. त्या घरातून बाहेर पडायची वाट त्या दोघांच्या समोरूनच होती.