दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

कुमुदताई गेल्याचा निरोप सकाळी साडेआठला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. "पहाटे झोपेत गेल्या. अकराला घरून नेणार." पाच मिनिटांत त्याखाली कोणीतरी लिहिलं, "तिसऱ्या गटाने खालीच थांबावं. जिना चढू नये." बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटलं असतं. आम्हाला वाटलं नाही, कारण त्या असत्या तर त्यांनीही हेच कळवलं असतं... याला आता पाच आठवडे झाले.

कुमुदताई शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. निवृत्त झाल्यावर महिन्यातल्या एका रविवारी त्या पुण्याजवळच्या डोंगरांवर माणसं नेऊ लागल्या. त्यांत पळत चढणारे होते, गुडघे बदललेले होते, काठी घेऊन चालणारे होते, आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून येणारे एक अंध संगीतशिक्षकही होते. गट तीन. पहिला माथ्यापर्यंत, दुसरा निम्म्यावरच्या पठारापर्यंत, तिसरा पायथ्याच्या देवळापर्यंत. मात्र सगळ्यांचे डबे तिसऱ्या गटाकडे राहायचे. "वर फक्त वारा खायचा," त्या सांगत. त्यामुळे माथ्यावर गेलेल्यांना जेवायला देवळातच उतरावं लागे, आणि ते येईपर्यंत एकही डबा उघडत नसे.

कोण कुठल्या गटात जाणार, हे नारायण पेठेतल्या त्यांच्या जिन्यावर ठरायचं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नव्या माणसाला त्या पुढे घालत आणि मागून विचारत, "मंडईपासून इथपर्यंत कसे आलात, सांगा." वाक्यं सलग आली तर पहिला गट, तुटत आली तर दुसरा. दुसऱ्या मजल्यावर एक लाकडी घडीची खुर्ची ठेवलेली होती. तिच्यावर बसलात की तिसरा. एकदा एक निवृत्त बँक मॅनेजर बसले आणि म्हणाले, "दम नाही हो लागला, चपलेचा पट्टा बघतोय." ताई म्हणाल्या, "बघा ना. देवळात बसून आणखी नीट दिसेल."

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, या खुर्चीचीच धास्ती होती. अँजिओप्लास्टी होऊन त्याला वर्ष झालं होतं. घरचा जिना चढतानाही पहिल्या मजल्यावर पोचला की तो खिडकीपाशी थांबून रस्ता बघायचा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की तो रस्ता बघत नाही. त्याला माथ्यावर जायचं होतं. "त्या मला डब्यांच्या राखणीला बसवतील रे. तू सांग ना, तुझा शब्द मानतात त्या." मी फोन केला. ताईंनी विचारलं, "चढाची सवय आहे?" मी म्हणालो, "रोज पर्वती चढतो." त्या म्हणाल्या, "जिना चढवल्याशिवाय मी कोणाला घेत नाही. पण तुम्ही पेपरवाले, खात्री करूनच बोलत असाल. येऊ द्या, पहिल्या गटात."

दादाने पर्वती चढणं केव्हाच सोडलं होतं.

त्या रविवारी माथ्याच्या शेवटच्या चढावर तो खाली बसला. पाणी मागितलं, पण प्यायला नाही. आमच्यात एक डॉक्टरबाई होत्या. त्या छाती दाबत राहिल्या. थकल्या की सांगतील तसं आम्ही दाबत होतो. अर्ध्या तासाने त्यांनी हात काढून घेतला. चौघांनी चादरीत घालून त्याला खाली आणलं. देवळाच्या ओवरीत डबे ओळीने मांडलेले होते. दादाचाही होता, वहिनींनी भरून दिलेला.

त्या दिवशी संध्याकाळी कुमुदताई घरी आल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "मी त्यांना जिना चढवला नाही. चूक माझी." मी शेजारीच उभा होतो. फोनचा उल्लेख त्यांनी केला नाही, मीही केला नाही. वहिनी पुन्हा कधी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ग्रुपमधले निम्मे लोक गळाले. बाईंचं आता वय झालं, असं काही जण माझ्यासमोर म्हणाले. तेव्हाही मी गप्प राहिलो. सहा महिन्यांनी सहली पुन्हा सुरू झाल्या, त्या एका नव्या नियमासह: दुसऱ्याच्या शब्दावर कोणालाही घेतलं जाणार नाही. हा नियम कशामुळे आला, हे ताईंनी कोणालाच सांगितलं नाही.

शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतरची. तोवर त्यांचेच गुडघे गेले होते आणि वर्षभरात त्या खाली उतरल्या नव्हत्या. मी विषय काढला. "ताई, त्या वेळी फोनवर मी पर्वतीचं जे सांगितलं..."

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. कुठल्या सहलीला कोणाच्या डब्यात कुठली भाजी होती, हे सांगणाऱ्या बाई. मग म्हणाल्या, "जिना चढताना बोलत आलात की गप्प?"

"गप्प."

"मग मला काय कळणार?" आणि त्यांनी चहा टाकायला भाचीला हाक मारली.

वहिनी ही पुरवणी दर रविवारी वाचतात. म्हणून इथे स्पष्ट लिहितो: दादा पर्वती चढत नव्हता. हे मला माहीत होतं. कुमुदताईंना माहीत नव्हतं. हे त्यांच्या हयातीत लिहायला हवं होतं, आणि लिहिणं माझ्या हातात होतं.

परवा भाचीने घर आवरायला काढलं, म्हणून गेलो होतो. खुर्ची दुसऱ्या मजल्यावर होती तिथेच होती, बसायची पट्टी मधोमध झिजलेली. दम लागला नव्हता, तरी बसलो. वरून भाचीने डोकावून पाहिलं.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"बरा आहे."

"मग उठता का जरा? भंगारवाला आलाय, ती खुर्ची द्यायची आहे."

मी बसून राहिलो.