दारातली खडी

गवंडीकाकांना गल्ली 'एकसूत' म्हणायची. कुणाच्याही भिंतीसमोर उभे राहिले की एक डोळा मिटायचा, मान कोंबड्यासारखी तिरकी व्हायची आणि निकाल लागायचा, "एक सूत कललीय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण काका ते अशा आवाजात म्हणायचे की घरमालकाला वाटावं, आता छप्परच डोक्यात येतंय.

जगाची अंगणं सजवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दारात मात्र कुठल्याशा कामावरून उरलेल्या खडीचा ढीग आणि तारेने बांधलेलं फाटक.

"अहो, ही खडी हलवताय, की मी गेल्यावरच हलवणार?" काकूंचं पालुपद.

"उद्या हलवतो."

"तुमचा उद्या उजाडेपर्यंत खडीची वाळू होईल!"

एकतीस वर्षं हेच चाललं.

मग काकू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग किल्ल्या, मग धाकट्या जावेचं नाव. एका सकाळी खडीशेजारून गेल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. काकांनी मनाशी ठरवलं: तिला मागणं आठवतंय तोवर ते पुरं करायला हवं.

लेक आईला आठ दिवस आपल्याकडे घेऊन गेली. काकांनी खडी शेजाऱ्याच्या बांधकामाला देऊन टाकली. गुडघे कटकट वाजत असताना एकट्याने तांबडी फरशी बसवली, कडेला गुलाबाच्या कुंड्या मांडल्या, नवं हिरवं फाटक लावलं. एक डोळा मिटून पाहिलं. एका सुताचाही फरक नव्हता.

आठव्या दिवशी कोपऱ्यावर रिक्षा थांबली. लेक पिशव्या उतरवतेय तोवर काकू सवयीने पुढे निघाल्या. काका फाटकात उभे होते, सिमेंटचे हात मागे लपवून.

काकू थबकल्या. "झकास केलंत हो मिस्त्री! कुणाचं घर हे?"

काकांनी फाटक उघडून धरलं.

"आमचे हेही गवंडीच. पण दारात बघाल तर खडीचा ढीग! सांगून सांगून जीभ झिजली." मग गुपित सांगावं तसा आवाज खाली आणून म्हणाल्या, "माणूस सोनं आहे हो. फक्त ऐकत नाही."

आणि ढीग शोधत पुढे गेल्या, थेट गल्लीच्या टोकापर्यंत. लेकीने धावत जाऊन परत आणलं, तर नव्या फाटकाशी पाय रोवून उभ्या. "परक्याच्या घरात मी नाही येणार. हे वाट बघत असतील."

लेकीने त्यांना शेजारी नेऊन बसवलं. काकांनी घमेल्याने खडी परत आणली आणि नव्या फरशीवर ओतली.

"बाबा, ओरखडे पडतायत," लेक रडत म्हणाली.

"पडू देत."

नवं फाटक उतरवून, परसात टाकलेलं जुनं फाटक आणून त्यांनी तारेने बांधलं.

काकू आल्या. कमरेवर हात. "अहो, अजून आहेच का ही? जनाची नाही, मनाची तरी!" आणि ढिगाला वळसा घालून घरात गेल्या.

"उद्या हलवतो," काका म्हणाले.

एक खडा घरंगळून कुंडीशी गेला होता. त्यांनी तो उचलला आणि ढिगावर ठेवला.