शहाळंवाल्या पाहुण्याला मी परत पाठवलं

मे १९९३, मंगळवार. आभाळ भरलेलं, वारा नाही, डोंबिवलीत केमिकलचा वास. त्या दिवशी मी जो शहाणपणा केला, तो आता चहा पुढ्यात आहे म्हणूनच सांगतो.

अण्णांना, माझ्या थोरल्या भावाला, मेंदूज्वर झाला होता. नर्सिंग होममधल्या डॉक्टरांनी मला समजावलं, "मेंदूत ताऱ्यासारख्या पेशी असतात, ॲस्ट्रोसाइट. त्या रक्तवाहिन्यांना पाय लावून बसतात, बाहेरचं कुणी आत शिरू नये म्हणून. जंतू आलाच तर मदतीला हाका मारतात. कधीकधी इतका गोंधळ घालतात की त्यानेच सूज वाढते. अण्णांना आराम हवा. ठाण्याहून मेंदूचे मोठे डॉक्टर दुपारी येतील. पुढचं औषध तेच ठरवतील."

मी त्यातलं किती ऐकलं? पहारा आणि आराम, बस्स! स्टूल घेतलं आणि खोलीच्या दारात बसलो.

माणसं तरी किती यावीत! सगळ्यांच्या हातात शहाळं, सगळ्यांचा एकच प्रश्न, आणि प्रत्येकाकडे एक रामबाण उपाय. बोलून बोलून घसा बसला. मान दुखायला लागली.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दोन घास खाऊन घ्या."

"मी उठलो की सगळी चाळ आत शिरेल."

"बरं, मग मीच जेवून येते."

त्या गेल्या. नर्सही जेवायला गेलेली. तेवढ्यात चौकड्यांच्या शर्टातले एक गृहस्थ आले. हातात शहाळं.

"कसा आहे पेशंट? जरा बघतो."

"आत्ता नाही. झोपलेत."

"दोनच मिनिटं."

"सगळे दोनच मिनिटं म्हणतात!"

"अहो, मी डॉक्टर आहे."

"सकाळपासून तुम्ही तिसरे. एक होमिओपॅथीवाले, एक जडीबुटीवाले. शहाळं ठेवा आणि निघा."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "मला कल्याणलाही एक पेशंट आहे," म्हणाले आणि गेले. शहाळंही घेऊन गेले!

थोड्या वेळाने नर्सिंग होमचे डॉक्टर धावत आले. "मोठे डॉक्टर कुठायत? बाजूच्या खोलीतला पेशंट बघून इकडेच आले ना?"

"चौकड्यांचा शर्ट?" मी स्टुलावरून उठलो. "अहो, पण त्यांच्या हातात शहाळं होतं!"

"बाजूच्यांनी दिलं असेल! अहो, अण्णांची सूज वाढतेय!"

कल्याणला फोनावर फोन झाले. वहिनींनी माझं स्टूल काढून घेतलं. दिवेलागणीला चौकड्यांचा शर्ट परत आला. त्यांनी अण्णांना तपासलं, इंजेक्शन बदललं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर थांबले.

"तुम्हीच ना ते दारावरचे? मेंदूच्या आतल्या पहारेकऱ्यांनी हाका मारून मदत बोलावली. बाहेरच्याने ती कल्याणला पाठवली."

सूज उतरली. पुढच्या आठवड्यात अण्णा घरी आले. तोवर स्टुलावर वहिनी बसत होत्या, आणि मला आत जायची वेळ पाच ते सहा.