नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?

मुलगी हुशार आहे, पण तिने केलेलं दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही, ही आईच्या मनातून काही केल्या न जाणारी काळजी होती. घरात मुलीला सगळे झटपट म्हणायचे. शाळेत तिचं गणिताचं उत्तर बरोबर असायचं आणि पायऱ्या गायब; बाईंनी विचारलं तर म्हणायची, "दिसतंय की." आता ती दूरच्या शहरात सॉफ्टवेअर लिहायची. मागच्या खेपेला तिने घरचा टीव्ही "सोपा" करून दिला, तेव्हापासून बाबा बातम्या बघायला शेजारी जात होते.

सहा महिन्यांचे रविवार घालवून तिने वाचनालयांसाठीच्या एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय केली होती. परत आलेलं पुस्तक कपाटात न जाता, त्यासाठी थांबलेल्या पहिल्या वाचकाच्या नावे आपोआप राखून ठेवलं जायचं. ते सॉफ्टवेअर ठिकठिकाणची माणसं हौसेने लिहीत, आणि कुणाचं काम आत घ्यायचं ते एक गृहस्थ ठरवत. झटपट त्यांना हेडमास्तर म्हणे. हेडमास्तरांना काम आवडलं. पण सोबतची माहिती एका ओळीची होती: "ही सोय चालू केली की ती चालते." त्यांनी कळवलं, वाक्य खरं आहे, उपयोगाचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत नीट माहिती द्या, नाहीतर थेट पुढच्या वर्षी.

मग झटपटने दीड पान लिहून आईला पाठवलं. आईची तीस वर्षं वाचनालयाच्या काउंटरमागे गेलेली; तिच्याहून चांगला परीक्षक कोण मिळणार? आईने एक डोळा दुधाच्या पातेल्यावर ठेवून पान वाचलं आणि कळवलं, फार छान, अगदी सोपं. लेकीने लगोलग ते पान हेडमास्तरांना पाठवलं आणि सोबत लिहिलं, तीस वर्षांच्या अनुभवी ग्रंथपालबाईंनी तपासून दिलंय.

हे झालं बुधवारी. शुक्रवारी दुपारी आईला राहवेना. तिने लॅपटॉपवर लेकीने पाठवलेलं, नवी सोय घातलेलं सरावाचं खोटं वाचनालय उघडलं आणि ते पान समोर घेऊन बसली. पहिली सूचना: सेटिंगमध्ये जाऊन वाचकांची रांग चालू करा. सेटिंग तीन ठिकाणी होतं. दुसरी: नेहमीप्रमाणे यादी जोडा. कुणाच्या नेहमीप्रमाणे? आईने आपल्या नेहमीप्रमाणे सगळ्या पुस्तकांची यादी जोडली, आणि सरावाच्या वाचनालयातली झाडून सगळी पुस्तकं, शब्दकोशांसकट, एकाच वाचकाच्या नावे राखून ठेवली गेली.

बाबा मागून डोकावले. म्हणाले, वाचक भलताच हौशी दिसतोय.

आईला हसू आलं नाही. खऱ्या वाचनालयात असं झालं तर लोक पोरीच्या नावाने खडे फोडतील, सोय बंद करतील, आणि तिचे सगळे रविवार पाण्यात. पण सांगायचं म्हणजे "अगदी सोपं" ही आपली थाप कबूल करायची. शिवाय चूक दाखवली की झटपट तीन दिवस फक्त "हं" म्हणते. बाबांचा सल्ला असा, की तू गप्प बस, हेडमास्तर काय ते सांगतील.

"आणि माझ्या भरवशावर त्यांनी वाचलंच नाही तर?"

बाबांनी पडद्यावरच्या हौशी वाचकाकडे बोट दाखवलं. "मग तुझ्या भरवशावर बरीच वाचनालयं बसतील."

साडेचार वाजले होते. आईने एका कोऱ्या कागदावर लिहून काढलं: कुठे अडलं, तिथे काय दाबलं, मग काय दिसलं. अकरा जागा निघाल्या. कागद पुन्हा वाचताना तिच्या लक्षात आलं, मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. अकराही जागांच्या वर जेमतेम मोकळी जागा होती, तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं: मी नीट वाचलं नव्हतं. तिथूनच सुरुवात करायची असं ठरवून तिने चष्मा सारखा केला आणि लेकीला फोन लावला.