शेवटच्या टाक्याची गाठ

आत्याची पहिली नोकरी बाटल्या धुण्याची. रिकाम्या बाटलीत लोक काय काय टाकतात हे तिला सतराव्या वर्षी कळलं. थुंकी, विझवलेल्या सिगरेटी, एकदा फुगलेली पाल. हातांची सालं निघाली तेव्हा ती तिथून सुटली आणि गादी कारखान्यात लागली.

घरी आजोबा अंथरुणाला खिळलेले. कमरेखालचं अंग गेलेलं, खालची गादी पत्र्यासारखी झालेली, पाठीला जखमा. त्या पुसायचं काम आत्याकडे होतं. जाड, स्वच्छ गादी मिळाली नाही तर या भरणार नाहीत, एवढं तिला कळत होतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब खोली. एका दारानं जुन्या गाद्या येत, दुसऱ्या दारानं नव्या जात. मधे पिंजायचं यंत्र आणि शिवणाऱ्या तीन बायका. जुन्या गाद्या दवाखान्यांतल्या, लॉजमधल्या, माणूस गेलेल्या घरांतल्या. खोळ फाडली की पिवळे, घट्ट गोळे बाहेर पडत. त्यांत केस, नखं, एकदा दातांची कवळी. यंत्र सगळ्याचं पांढरं करी. उरलेल्या वासावर मालक पावडर मारी.

पहिल्याच दिवशी आत्या दारात ओकली.

"नाक घरी ठेवून यायचं गं," बायकांमधली थोरली म्हणाली. "पगार हातांना मिळतो."

"पण लोकांना कळत नाही?"

"कळलं तर तू आणि मी काय खाणार? घे, सुई ओव."

तिथं प्रत्येकीची शेवटच्या टाक्याची गाठ वेगळी होती. शिवण उसवून गादी परत आली की मालक गाठ बघून पैसे कापी. आत्याची गाठ दुहेरी, वर तीन आडवे टाके. तिची एकही गादी परत आली नाही. याचा तेव्हा तिला अभिमान होता, हे ती अजून तोंड वाकडं करून सांगते.

पाच महिने तिनं पैसे साठवले. मालक म्हणाला, "आपल्याकडचीच ने, निम्म्यात देतो." ती नको म्हणाली. ती बाजारातल्या सगळ्यात महाग दुकानात गेली. काचेचं दार, निळ्या चकचकीत खोळीची चेनवाली गादी.

"ताई, कोरा कापूस," दुकानदारानं गादी थोपटली. "जुन्याचा धंदा आपण करत नाही."

तिच्या मालकाच्या तिप्पट भाव होता. एवढा भाव आहे म्हणून आत्यानं चेन उघडून बघितली नाही.

आजोबा गादीवर टेकले आणि लहान पोरासारखे हसले. "पोरी, मी गेलो की ही फेकू नका हं. तूच झोप हिच्यावर."

आठवड्यानं जखमेतलं पाणी झिरपून खोळ डागली. आजोबांना बाजूला सरकवून आत्यानं ती धुवायला काढली. आत साधी पट्ट्यापट्ट्यांची खोळ होती. तिच्या कोपऱ्यात दुहेरी गाठ. वर तीन आडवे टाके.

ती तशीच दुकानात गेली. दुकानदार बराच वेळ ऐकून घेत होता.

"म्हणजे ही तूच शिवलीस?"

"हो."

"शिवताना वास आला नाही, आता आला?"

घरी येऊन तिनं गादी अंगणात ओढली. आपलीच गाठ सोडवायला तिला अर्धा तास लागला, इतकी ती पक्की होती. मग ती बोटांनी कापूस निवडत बसली. काळा इकडे, पिवळा तिकडे, केस वेगळे. संध्याकाळपर्यंत घरात घेण्याजोगा कापूस एका उशीपुरता निघाला. पाच महिन्यांची ती उशी तिनं आजोबांच्या कमरेखाली सारली.

"अगं, चांगली मऊ होती की," आजोबा म्हणाले. "कशाला फाडलीस?"

"वास येत होता, बाबा."

"मला तर नाही आला."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. आता कापूसच विकत घ्यायचा होता, सरकीसकट, डोळ्यांदेखत पिंजून घ्यायचा, आणि त्याला पैसे लागणार होते. समोर दवाखान्यातून आलेली गादी पिंजून तयार होती. आत्यानं खोळ भरली, कडा शिवल्या. शेवटच्या टाक्याशी हात अडखळला.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली आणि तिनं गाठ मारली. दुहेरी, वर तीन आडवे टाके.