धवल्यांचा परवाना

मोरिवलीत आमच्या आगरी लग्नांत धवलारणीशिवाय हळद लागत नसे. ती धवले गाऊन एकेका देवाला मांडवात बोलावणार, मगच नवरदेवाच्या गालाला हळद. गावची धवलारीण म्हणजे माझी सख्खी आत्या. तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण धवले सगळे तोंडपाठ. तिच्याकडून शिकायला मात्र कुणी बसलं नाही. आम्ही सगळे साहेब झालो होतो ना!

माझ्या मुलाच्या हळदीला शिरगावच्या टॉवरमधून व्याही मंडळी येणार होती. वाजवायला बेंजोचा ताफा ठरला होता. आत्याचा चिरका आवाज मला त्यांच्यापुढे नको होता. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. पण तिला तसं तोंडावर सांगायची छाती नव्हती. बेंजोसाठी ध्वनिक्षेपकाची परवानगी मी पोलीस ठाण्यातून काढून आणली होती. तोच शिक्क्याचा कागद तिच्यापुढे धरला.

“आत्या, नवा कायदा आलाय. यात ज्याचं नाव, त्यानंच गायचं. तुझं नाव नाही.”

तिनं कागद हातात घेऊन उलटा धरला. “आन बिनमाईकचं गायलं तं?”

“तरी चालत नाही. मला उचलून नेतील.”

साफ खोटं. दिवसाउजेडी, माइकशिवाय गाणाऱ्या बाईला कसला आलाय परवाना? पण मला उचलतील म्हटल्यावर तिनं कागद घडी घालून परत दिला. हळदीत पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसली. बेंजो दणक्यात झाला. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो.

लग्नानंतर ती दोन फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आली. “माजा बी परवाना काड, पोरा.” मी ते कपाटात टाकले. पुढे ती विचारायची तेव्हा कधी साहेब रजेवर असायचे, कधी आचारसंहिता लागलेली असायची. सरकारचं नाव घेतलं की माणूस वाट पाहतो, हे मला कचेरीतल्या नोकरीनं शिकवलं होतं.

दुसऱ्यांच्या लग्नाची बोलावणी आली तर ती बायकांना परत पाठवायची. “माजा अर्ज वर गेलाय,” म्हणायची. तांदूळ निवडतानाचं गुणगुणणंसुद्धा तिनं सोडलं. कुणी ऐकलं आणि मला धरून नेलं तर, ही तिची भीती.

सहा वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं. जावयाच्या घरच्यांना व्हिडिओसाठी धवलेच हवे होते. डीजे काय, सगळेच लावतात म्हणे! मी निर्लज्जासारखा आत्याकडे गेलो आणि मुलीच्या हळदीच्या परवानगीचा कागद दाखवून म्हणालो, “आला गं तुझा परवाना.”

तिनं तो कपाळाला लावला. “सरकारचं भलं होवो,” म्हणाली आणि रडली. खरं सांगायला तेव्हाही माझी जीभ वळली नाही.

हळदीला ती ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसून माइकपुढे बसली. पहिली ओळ आली. दुसरी आली. मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. कॅमेरे चालू होते. तिनं म्हाताऱ्या बायकांकडे पाहिलं, त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी माझ्याकडे वळून तिनं माइकमध्येच विचारलं, “पोरा, पुढं काय रं?”

मला येत नव्हतं. मांडवात कुणालाच येत नव्हतं.