जुनं आधी बाहेर

कॅमेरेवाल्यांची सगळी हयात दुकानांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्यात गेली आणि बायकोची त्यांच्याशी डोकं फोडण्यात. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले रेकॉर्डर हा माणूस घरी आणायचा. पलंगाखाली डबे, कपाटावर डबे. बाईंचा नियम एकच होता, "नवीन आणायचं ना? मग जुनं आधी बाहेर!" कॅमेरेवाले मान डोलवायचे आणि नवा डबा हळूच शिडीमागे सरकवायचे.

ती गेली आणि घर खायला उठलं. परगावच्या मुलीने सुचवलं, "बाबा, आईचे सगळे व्हिडिओ एका जागी ठेवा ना, मला इथून बघता येतील असे."

कॅमेरेवाल्यांना हुरूप आला. त्यांनी पलंगाखालचा एक रेकॉर्डर ओढला. आतून तो लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटरच. धूळ झटकली, कॅमेऱ्यांचा प्रोग्रॅम काढून फायलींचा घातला, जुनीच डिस्क पुसून घेतली आणि वायर राउटरला खुपसली. झाला घरचा सर्व्हर! बायकोच्या फोनमधले व्हिडिओ त्यात उतरवले. पुढे लवकरच त्या फोनने राम म्हटला. मुलगी तिकडून तान्ह्या लेकीचे व्हिडिओ रोज टाकू लागली.

काही महिन्यांनी एका दुपारी तिचा फोन आला. "बाबा, आईचे व्हिडिओ कुठायत? एकच दिसतोय."

त्यांनी धावत जाऊन वायर उपटली, पण वेळ गेली होती. सर्व्हर करताना हात सवयीने चालला होता. डिस्क भरली की सगळ्यात जुनं पुसायचं, ही सूचना ते प्रत्येक दुकानात द्यायचे. न दिली तर रेकॉर्डिंग थांबतं आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. तीच इथेही दिली होती. बायकोच्या व्हिडिओंच्या जागी आता नातीचं रांगणं लिहिलं गेलं होतं, ते परत मिळण्यातलं नव्हतं. कॅमेरेवाले जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडले.

मग डोळे पुसून त्यांनी ती सूचना काढली, डबा पुन्हा चालू केला आणि मुलीला फोनवर घेऊन उरलेला व्हिडिओ लावला. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती आणि पलंगाखालचा हाच डबा पायाने ढकलत होती. "अहो, शूटिंग कसलं करताय! हे धूड आज बाहेर गेलं पाहिजे. नाहीतर मी तरी जाते!"

मुलगी हसता हसता रडायला लागली. "आता काय करायचं हो या डब्याचं?"

"राहू दे. आयुष्यभर तिचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं इथे," कॅमेरेवाले म्हणाले. "यापुढे हा काही पुसणार नाही. भरला की नुसता भोंगा वाजेल."

"कटकट होईल तुम्हाला."

"होऊ दे गं," ते म्हणाले. "घरात कुणीतरी ओरडायला हवंच आहे."